कानाला लागलेला हात

जठारपेठ, अकोला
दि. १६ एप्रिल २०२६, गुरुवार

चि. ज्योत्स्नास,
आईचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघं इथे बरे आहोत. ललितरावांना जयभीम सांगशील. ऊन फार तापून राहिलं आहे. कूलर काढला, पण खस नवी घेतली नाही, मागच्या वर्षीचीच झटकून लावली. चालते अजून.

पत्र पाहून तू म्हणशील, दिवसातून दोनदा फोन होतो, मग आईला हे काय सुचलं. बाई, फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून नको ते निघून जातं. कागदावर थांबता येतं.

परवा जयंती चांगली झाली. तुझी अमरावतीला दवाखान्यात ड्यूटी होती, नाही तर तू पाहिलं असतंस. तुझ्या सम्यकाला पांढरा फ्रॉक घातला होता, निळी रिबीन बांधली होती. विहारात लहान पोरांकडून पंचशील म्हणवून घेतलं. मग आमच्या महिला मंडळाच्या इंदूबाईंनी एकेकाला माईकवर एकेका शीलाचा अर्थ सांगायला लावला. आपल्या पोरीच्या वाट्याला चौथं आलं.

"मुसावादा म्हणजे खोटं बोलाचं नाई," ती खणखणीत म्हणाली. एवढ्यावर खाली उतरायचं की नाही? पण इंदूबाईंना कौतुक आवरेना.

"आन तुह्या घरी खोटं कोन बोलते वं?"

"आजी. पन फक्त मम्मीसंगच बोलते."

सगळा विहार हसला. इंदूबाई म्हणाल्या, "मनकर्णाबाई, तुमी त लेकीलेबी सोडत नाई!" मीही हसले. तुझे बाबा हसले नाहीत. घरी येताना ते सम्यकाला म्हणाले, "आजीले विचार, कोनतं खोटं?"

"आजी, आबा इचारते, कोनतं खोटं?"

"आबाले सांग, ऊन लागते, पाय उचला."

तुला ठाऊक नसेल, आम्ही दोघं आता असेच बोलतो. भांडण नाही काही. पण सम्यका तीन वर्षांपूर्वी इथे राहायला आली तेव्हापासून सवयच झाली. आजीले सांग मीठ कमी हाय, आबाले सांग गॅसवाला आला. ती निरोप नेता नेता दोन शब्द आपल्या पदरचे घालते, त्यामुळे आमचं बोलणं पहिल्यापेक्षा गोड झालं आहे.

तर ते खोटं असं. सम्यकाचा जन्माचा दाखला सापडत नाही म्हणून मी तीन आठवडे तुला सांगत आले. तो हरवलाच नव्हता. अंगणवाडीसाठी तूच इथे ठेवला होतास. पहिल्यांदा तू मागितलास तेव्हा तो माझ्या हातात होता आणि सम्यका समोर बसून शेंगा फोडत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "मंग हा कोनता कागद हाय?" मी तो वंदनेच्या पुस्तकात घालून टाकला. तेव्हापासून रोज सकाळी पुस्तक उघडते, दाखला बाजूला करते आणि वंदना म्हणते. तीन शीलं नीट होतात. चौथ्याला खोकला येतो.

तू म्हणालीस, सुट्टी टाकून महापालिकेतून दुसरा काढते. मी म्हटलं, कशाला हेलपाटा, मी शोधते. तिथल्या शाळेच्या प्रवेशाची मुदत तीस तारखेची. ती निघून गेली की पोरगी आपोआप पुढच्या वर्षावर जाईल, असं माझ्या मनात होतं. बाकीचंही मी रचत गेले. नाडीची गाठ येत नाही, डबा सांडते, भिडस्त आहे, नवीन बाई पाहून रडेल. माईकवर आजीला उघडी पाडणारी पोरगी म्हणे भिडस्त! अगं, ती जठारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत चालते. चुकली की मागे येऊन पुन्हा वाचते.

आणि मी सांगत होते की तिचा हात अजून कानाला लागत नाही. त्यावर तू हसली होतीस, "आई, आता वय कागदावरून मोजतात, कानावरून नाही." तिचा हात संक्रांतीपासून लागतो, ज्योत्स्ना. डोक्यावरून घेऊन पलीकडच्या कानाची पाळी धरते. पण मी दर वेळी तिला म्हणायचे, मान ताठ ठेव, आणि तिचं कोपर हळूच दाबायचे. बोटं कानाच्या वरच राहायची. ती बिचारी म्हणायची, "उद्या लागन."

हे कोपर दाबणं मला कुठून सुचलं, ते आज लिहायचं आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, तुला सांगितलं नाही.

जून अठ्ठ्याण्णव. आपण हिवरखेडला होतो. उत्तमराव गुरुजी पोरं नोंदवायला दारोदार फिरत होते. तुझा जन्म घरचा, कागद नव्हता. तू साडेचार वर्षांची. गुरुजी म्हणाले, "हात लाव बाई कानाले." तुझी बोटं वरच राहिली. मी मागे उभी होते. तुझे केस सारखे करते असं दाखवून मी तुझी मान थोडी वाकवली. हात लागला. गुरुजींनी हसून जन्मतारीख एक जून ब्याण्णव लिहिली. त्यांना दिसलं नसेल असं नाही.

मला घाई होती. मी स्वतः शाळेत गेले तेव्हा नऊ वर्षांची होते. धाकटी भावंडं कडेवर होती, ती खाली उतरली तेव्हा माझा नंबर लागला. पहिलीच्या वर्गात माझे पाय बसायच्या पट्टीच्या पार पुढे जायचे आणि बारकी पोरं मला उंटीण म्हणायची. मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचं पाहून राहिले होते, पुढे डी.एड.चं नावही कुणी काढू दिलं नाही. म्हणून वाटलं, माझ्या लेकीला एक दिवस उशीर नको.

पण तुला काय झालं ते मी पाहत होते. वर्गात सगळ्यांत बारकी तू. दुपारी ओल्या फ्रॉकानं घरी यायचीस आणि बोलायची नाहीस. आजही एक जूनला तुझ्या दवाखान्यातले लोक केक कापतात आणि तू मला फोनवर म्हणतेस, आज माझा खोटा वाढदिवस. खरा नऊ नोव्हेंबर, तो फक्त या घराला ठाऊक. नोकरीतूनही तू सतरा महिने आधीच निघशील. दोन वर्षांपूर्वी रागात बोलली होतीस, "आई, तुले मले घराभाईर काढाची लय घाई होती." तू शाळेत गेलीस त्या पहिल्या दुपारी मी जेवायला दोन ताटल्या काढल्या होत्या. एक परत ठेवली. हे तेव्हा सांगायला हवं होतं.

आज सकाळी दाखला काढून तुझ्या बाबांपुढे ठेवला. सम्यका अंघोळीला होती, निरोप न्यायला कोणी नव्हतं. त्यांनी तो उलटून पाहिला. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "लेकीले लिही. फोनवर तू पुन्हा फिरशीन." आणि थोड्या वेळानं, "मलेबी करमनार नाई." एवढं सरळ ते माझ्याशी किती दिवसांनी बोलले, आठवत नाही.

म्हणून आता सरळच लिहिते. मला ती आणखी एक वर्ष हवी आहे. हे माझं मागणं आहे, कारण नव्हे. कारणं मी रचली होती, ती तू सोडून दे. डिसेंबरअखेर तिला सहा पूर्ण होतात, यंदा पहिलीत घेतील. पुढच्या वर्षी घातलं तरी चालतं, असं तूच म्हणाली होतीस. त्यातलं काय करायचं ते तू आणि ललितराव ठरवा. तिलाही एकदा विचारा, तिला सांगता येतं.

यंदाचं ठरलं तर मे महिन्यात मी स्वतः तिला अमरावतीला आणून सोडीन. तिचे कपडे धुऊन ठेवले आहेत. नाडीची गाठ तोवर शिकवते, तेवढं मात्र खरंच येत नाही. थांबायचं ठरलं तर ते तिच्यासाठी ठरव, माझ्यासाठी नको. तारीख मात्र आहे तीच लिही. एकवीस ऑक्टोबर दोन हजार वीस.

दाखला सोबत जोडला आहे. तुझे बाबा रजिस्टर करायला पोस्टात निघाले आहेत, सम्यका त्यांचं बोट धरून दारात उभी आहे. आत्ता तिला म्हटलं, लाव कानाला हात. लावला. मी पाठीमागे नव्हते, समोर बसले होते.

यावेळी कुणाच्या मानेला हात न लावता,
तुझी आई
मनकर्णा