धक्क्यावर राहिलेली पेटी

कोला खाडी, १२ ऑक्टोबर १९३६

प्रिय आर्तेमी,

तू बरा असशील. आई आणि मी ठीक आहोत. चौकशीत मी काय सांगितलं ते तुला माझ्याकडूनच कळावं.

१. टेहळणीची उडती बोट पाण्यात सोडली, तेव्हा इशाऱ्याच्या पिस्तुलाची पेटी धक्क्यावर राहिली.
२. मी हाक मारली. वैमानिकाने ऐकली. तो परतला नाही.
३. इंजिन बंद पडून बोट समुद्रावर उतरली. शोधणारं विमान वरून गेलं. इशारा करायला काही नव्हतं.
४. दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी तिघांना आणलं. टेहळ्याच्या पायाची बोटं कापावी लागली.

चौकशीत नाव घेत नाहीत, हुद्दा घेतात. म्हणून तू ‘वैमानिक’ आणि सोफ्रोन ‘टेहळ्या’.

बाकीचं कुणी विचारलं नाही. तू ओरडलास, “कापितोलिना, निघालेल्या माणसाला मागे बोलावतात का? आईला कळलं तर तुझ्या चहात मीठ घालेल!” देमिद धक्क्यावरून म्हणाला, “ये परत, आरशात तोंड बघून जा, म्हणजे अपशकुन टळेल.” आतून सोफ्रोन म्हणाला, “याच्या तोंडाने आरसाच तडकेल.” सगळे हसले.

माझ्या सांगण्यावरून तुझं उड्डाण बंद झालं आणि तुला अर्खांगेल्स्कच्या दुरुस्तीशाळेत धाडलं. पुन्हा विचारलं तरी मी तेच सांगेन.

आई चहा करतात, पण पेला माझ्याकडे सरकवत नाहीत. मी आले की शेडमधलं बोलणं थांबतं. देमिदसुद्धा पान्यांकडे बघत बसतो. फक्त सोफ्रोन बोलतो. म्हणतो, “बूट सैल झालेत, पायपट्टी जास्त गुंडाळतो, एवढंच.” सध्या मी बोटींच्या पोटात शिरून लाकडी सांधे तपासण्याचं काम मागून घेते. तिथे एकाच माणसाला जागा असते. एकटं असणं कामाचाच भाग वाटतं.

तुझा लोकरी गळपट्टा धुतला आहे. पाठवलेला नाही.

तुमच्या दुरुस्तीशाळेत बोटीचे सांधे पारखणारं माणूस हवं आहे. कमांडर मला सोडायला तयार आहेत. त्यांनी विचारलं, “तिथे राहायला काय सांगू? नवऱ्याच्याच खोलीत, की वेगळी?” मी म्हटलं, सांगते. त्यांना महिनाअखेर कळवायचं आहे. तू वेगळी म्हणालास तरी मी ते काम घेईन. पण मला वेगळी नको आहे.

एक की दोन, ते २८ तारखेपर्यंत कळव.

कापितोलिना