उजव्या कोपऱ्यातले भावोजी

अण्णा, तुम्हाला एक गोष्ट विचारायची राहून गेली होती. तिचं उत्तर मला गेल्या आठवड्यात भलत्याच ठिकाणी मिळालं, म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही असता तर खांबला, तुमच्या गावी येऊन तुमच्या ओटीवर बसून सांगितलं असतं, आणि तुम्ही सवयीप्रमाणे अर्ध्यातच "बरं, मग?" म्हणून मला घाई केली असती. आता तुम्ही टोकणार नाही, त्यामुळे मी सावकाश सांगणार आहे. गोष्ट जुनीच, कंपनीच्या कबड्डी संघातल्या माझ्या जागेची. ती मी मिळवली, की उजव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या भावोजींनी मला ती देऊन टाकली, हे मला आयुष्यभर कळलेलं नव्हतं.

पावसाळा आला की मी अजून अर्धा त्या गोदामात असतो. जेवून जरा आडवं व्हावं, डोळा लागतोय न लागतोय तोच वर पत्रा वाजायला लागतो आणि तांबड्या मातीचा, ओल्या तुसाचा वास येतो. आपला संघ व्यावसायिक गटातला. दिवाळीनंतर मैदानं वाळली की सामने सुरू, ते उन्हाळा सरेपर्यंत. पावसात कुठे सामना नाही, आणि तुमचं खरं काम पावसातच. "भात आणि पोरगा, दोन्ही पावसात वाढतात," असं तुम्ही म्हणायचा. कंपनीचं रिकामं गोदाम तुम्ही मागून घेतलं होतंत, त्यात माती अंथरून वर तूस पसरलं होतंत, आणि पेण, कासू, कोलाड अशा चारी बाजूंनी आम्हां नवख्या पोरांना गोळा करून आणलं होतंत. शिफ्ट सुटली की संघातले जुने गडी यायचे आणि आम्ही त्यांच्या पुढ्यात चढाईला जायचो. पाऊस पत्र्यावर असा कोसळतोय की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सगळ्यांची तोंडं हलतायत, आवाज कुणाचाच नाही. चढाई करणाऱ्याचा दम चालू आहे की तुटला हे ऐकून कळायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही आमच्या पाठीवर तळहात ठेवून आमच्या मागे मागे फिरायचा. कबड्डी कबड्डी पाठीच्या कण्यात वाजतं, ते तुम्ही हातानं ऐकायचा. पाण्याखाली चालावं तशी ती सगळी संध्याकाळ हळूहळू पुढे सरकायची. तुमचा तो हात मला इतका सवयीचा झाला होता की पुढे भर मैदानात, हजार माणसं ओरडत असताना, चढाईला निघालो की पाठीवर काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतंत. पाऊस संपला की एक चाचणी होईल. जुन्या गड्यांच्या पकडीतून जो सुटून येईल तो संघात, आणि संघात म्हणजे कंपनीत कायम. आणि जुन्यांनाही तुम्ही सोडलं नव्हतंत. "ज्याला ही पोरं धरता येणार नायत, त्यानं बाहेरची माणसं धरायच्या गमजा करू नयेत," म्हणाला होता. जुने गडी हसले होते. भावोजीही हसले होते. मी मात्र हसलो नव्हतो. सुटलो नाही तर मी परत कासूच्या पलीकडे खाडीवर, वडिलांच्या बरोबर मिठागरात चिखल तुडवायला जाणार होतो. आणि मला सुटायचं होतं ते ताईच्या नवऱ्याच्या हातातून.

पहिली संध्याकाळ तुम्हाला आठवत असेलच, कारण ती तुम्ही पुढे कैक वर्षं कोलाडच्या नाक्यावर चहा पिताना लोकांना नक्कल करून दाखवत होता. मी चढाईला गेलो. भावोजी उजव्या कोपऱ्यात, गुडघ्यात वाकून, माझ्याकडे अनोळखी माणसासारखे बघतायत. मी पाय टाकला आणि अंगठा त्यांच्या नडगीला नीट लागला. गडी टिपला, आता फक्त मागं यायचं. पण पाय लागला होता तो घरच्या जावयाला! माझा हात आपोआप खाली गेला, त्यांच्या पायाला लागून माझ्या छातीवर आला आणि मी चक्क नमस्कार केला. दम तिथेच तुटला. सगळे माझ्यावर कोसळले, आणि उठले तेव्हा हसून हसून त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. तुम्ही एकटे हसला नव्हता. जवळ येऊन कानाशी ओरडला होता, "पाया पडाया आलायस हितं? मग देवळात जा, नारळ फोड!" आणि मी मान खाली घातलेली बघून म्हणाला होता, "आरं, तो तुझी तंगडी धरतो, तेव्हा तो तुझ्या पाया पडतो काय?"

बोलणं बिनतोड होतं, पण हाताला कोण सांगणार? आमच्या घरात जावई आला की आई हातातलं काम टाकून उठायची. त्याच्यासमोर पाय पसरून बसायचं नाही, त्याच्या चपलांना पाय लागला तरी कपाळाला हात. आता त्याच माणसाला रोज संध्याकाळी लाथ मारायची. दुसऱ्या दिवशी मी नमस्कार केला नाही, पण पायच आखडला. तिसऱ्या दिवशी त्यांना चुकवून डाव्या कोपऱ्याकडेच जात राहिलो. तुम्ही पाठीवरचा हात काढलात आणि म्हणालात, "दम चांगला हाय तुझा. पाय घरी ठेवून आलायस."

मग एका रविवारी तुम्ही एसटीनं आमच्या गावाला आलात. मला काही न सांगता. बांधावरून छत्री घेतलेला माणूस येतोय, चिखलात चप्पल रुतली म्हणून ती हातात घेतोय, हे मी दारातून बघत होतो आणि तो माणूस तुम्ही आहात हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आईनं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलं होतं. तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून भाकरी कुस्करलीत, चार घास खाल्लेत, आणि शांतपणे म्हणालात, "माय, एक मागणं हाय. तुमच्या पोराला जावयाला लाथ मारायची परवानगी द्या."

आईच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेवर तशीच राहिली. "काय बोलता अण्णा! जावय हाय तो आमचा."

"तेच म्हणतो. तुमचा पोरगा त्याला जावय समजतो आणि बाद होतो."

आईनं खेळ कधी बघितला नव्हता. तिनं विचारलं, मैदान म्हणजे केवढं, कुठून कुठवर. तुम्ही चुलीतल्या राखेत बोटानं चौकोन काढून दाखवलात, मधली रेघ काढलीत, भावोजी कुठे उभे असतात तिथे एक कोळशाचा तुकडा ठेवलात. आईनं राखेतल्या त्या रेघांवरून एकदा नजर फिरवली. आळीतली भांडणं मिटवणारी बाई होती ती, तिला हद्द कळायची. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "या रेघांच्या आत तो जावय नाय. काय करायचा ते कर. पण भायेर आलास का पयला त्याच्या पाया पड, मंगच पानी पी. आनि माजे लेकीला हे सांगू नको." तुम्ही म्हणालात, "पटलं." आणि आणखी एक भाकरी मागितलीत.

त्यानंतर माझा पाय सुटला. किती सुटला ते भावोजींच्या नडग्यांना विचारा. रोज रेघेच्या आत मी त्यांच्या अंगावर पाय टाकायचो, ते रोज मला मातीत लोळवायचे, आणि खेळ संपला की मी रेघेबाहेर येऊन त्यांच्या पायांना हात लावायचो. ते नुसते "हं" म्हणायचे आणि टॉवेल झटकायचे. सगळी पोरं थट्टा करायची, मग हळूहळू तीही आपापल्या जुन्या गड्याच्या पाया पडायला लागली. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत. सरावानंतर आम्ही तुमच्या घरी जायचो, वहिनी मोड आलेल्या वालांची परात आमच्यापुढे ढकलायच्या. आम्ही भिंतीला टेकून वाल सोलत बसायचो, चिमटीत दाबला की दाणा सालीतून सुळकन निघायचा. आजकाल मी हे कुणाला सांगितलं की म्हणतात, वा, बोटांचा व्यायाम घेत होते तुमचे अण्णा! कसला व्यायाम. इतक्या तोंडांचं बिरडं एकट्या वहिनींनी कधी सोललं असतं? बाहेर बेडूक ओरडतायत, चुलीचा धूर पावसानं घरातच अडकलाय, आणि वाल सोलता सोलता एकेक पोरगा बसल्या जागी पेंगतोय. मी आयुष्यात इतका सुखी पुन्हा झालो का, मला सांगता येत नाही.

चाचणीच्या दिवशी पाऊस नव्हता. पत्रा गप्प होता आणि त्यामुळे सगळे अवघडल्यासारखे झाले होते. माझा दम मलाच पहिल्यांदा नीट ऐकू येत होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. तुम्ही पाठीवर हात ठेवला नाहीत, मधल्या रेघेवर उभे राहिलात. मी उजव्या कोपऱ्याकडेच गेलो. अंगठा लागला, त्याच क्षणी भावोजी पुढे झेपावले, त्यांची बोटं माझ्या घोट्याला लागली, आवळली, आणि निसटली. मी वळलो, पडलो, आणि पडल्या पडल्या रेघ ओलांडली. मागे वळून बघितलं तर ते मातीत दोन्ही हात टेकून बसले होते. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून "हा," एवढंच म्हणालात. मग त्यांच्याजवळ गेलात आणि खाली बसून काहीतरी बोललात, ते मला ऐकू आलं नाही. त्या हंगामात उजव्या कोपऱ्यात दुसरा गडी उभा राहिला. भावोजी नोकरीत होतेच, पण शिफ्ट करून सरळ घरी जायला लागले. मी त्यांच्या पाया पडायला गेलो तेव्हा म्हणाले होते, "आज नको रे, पाय मातीनं भरलेत."

गावात काय बोललं गेलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. जावयानं मेव्हण्याला सोडला. बायकोच्या भावाला नोकरीला चिकटवला. सासूच्या हातच्या भाकरीला जागला. कुणी चिडून नाही, कौतुकानंच बोलायचे. भला माणूस, म्हणायचे. वडील तर गावभर तेच सांगत हिंडायचे. मी वर्षानुवर्षं खेळलो, हार गळ्यात पडले, लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि प्रत्येक वेळी मनात एक बारीक आवाज म्हणायचा की तुझी पहिली चढाईच उसनी आहे. तुम्ही आजारी होता तेव्हा मी खांबला विचारायलाच आलो होतो. तुम्हाला झोप लागली होती. मी वहिनींशी बोलत बसलो आणि उन्हं उतरल्यावर परत आलो. त्यानंतर तुम्ही उठला नाहीत.

आता गेल्या आठवड्याचं. ताई आणि भावोजी आता रोह्यात राहतात, नदीच्या अंगाला. त्यांचे गुडघे गेलेत, दिवसभर खुर्चीत बसून टीव्हीवर कबड्डी बघतात आणि सगळ्या कोपऱ्यांना शिव्या घालतात. मी गेलो तेव्हा एक नवखा पोरगा पकडीतून सुटून आला. भावोजी म्हणाले, "उशीर! उशीर केलान गाढवानं." आणि मला काय झालं कोण जाणे, मी विचारून टाकलं. म्हटलं, भावोजी, तेव्हा तुम्ही मला सोडलं होतं ना?

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "काय?"

"चाचणीला. सगळा गाव म्हणतो."

"सोडला? तुला? मी?" त्यांचा चेहरा लाल झाला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठायला बघत होते. "आरं, तंगडी मोडणार होतो तुझी! हिला सकाळी सांगून निघालो होतो!"

आतून ताईचा आवाज आला, "व्हय रे. भाऊ लंगडत आला तर रडत बसू नको म्हणाले होते मला."

"धरला होता, आणि हातातनं गेला पाय," भावोजी म्हणाले. आवाज चिरकत होता. "माझ्या हातातनं गेला! आणि तू एवढी वर्षं मी सोडला म्हणून हिंडतोस? लाज नाय वाटत, माझ्या नावावर उपकार घालतोस?"

चहा आला तो त्यांनी घेतला नाही. तोंड भिंतीकडे फिरवून बसले. ताईनं मला खुणेनं सांगितलं, जा आता, उद्या ये. एवढा म्हातारा माणूस मी दुखावला होता, वडीलधारा माणूस, आमचा जावई. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि तोंडावर मी तसं दाखवलंही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि ताईच्या हाती तर मुळीच लागू द्यायचं नाही. तुम्हालाच सांगतो अण्णा, ताईनं जा म्हटलं नसतं तरी मी उठणारच होतो, कारण मला हसू आवरत नव्हतं.