बॅरो डाउन्सचं नदीकाठचं गेट

मंगळवार, ८ ऑक्टोबर
पोचलो बाई एकदाचे! अ‍ॅडलेड सोडल्यापासून नुसती लाल धूळ खाल्ली, आणि आज समोर नदी, निलगिरीची गार सावली, माणूस म्हणून दृष्टीला पडत नाही. मर्व्हने तंबू वाकडा ठोकला, मी सरळ करून घेतला. आयुष्यभर शाळेत पोरांच्या रांगा सरळ केल्या, तंबू काय चीज आहे! निवृत्तीनंतरची ही आम्हा नवराबायकोची पहिली सफर, आणि मी जाम खूश आहे.

बॅरो डाउन्स नावाच्या गुरांच्या मोठ्या फार्मच्या कुरणांतून येताना गेटांवर गेटं लागली. गाडी चालवणाऱ्याने बसून राहायचं आणि शेजारच्याने उतरायचं, हा नियमच. त्यामुळे सगळी मीच उघडली, मीच लावली. शेवटचं, नदीकडचं, मात्र सताड उघडं. मर्व्ह म्हणाला, असू दे, गेट जसं दिसेल तसं सोडायचं. मी म्हटलं, कुणीतरी आळशी लावायला विसरलाय, गुरं बाहेर पडली म्हणजे? साखळी अडकवली, वर तारेने करकचून बांधली. मर्व्ह म्हणाला, मास्तरीणबाई, आता गुरांची हजेरीही घेऊन टाका. मी त्याला धपाटा घातला.

गुरुवार, १० ऑक्टोबर
ऊन मी म्हणतंय. मर्व्हने मासा धरला, मी निखाऱ्यावर भाजला. कुरणाकडून दिवसभर हंबरणं ऐकू येतंय. मर्व्हचा जीव थाऱ्यावर नाही, जाऊन बघू या म्हणतो. मी म्हटलं, ज्यांची गुरं त्यांना कळतं, आपण शहरी माणसांनी त्यांना शहाणपण शिकवू नये.

शनिवार, १२ ऑक्टोबर
हंबरणं थांबलं. बरं झालं, डोकं उठलं होतं. उद्या काठाकाठच्या रस्त्याने जाऊन पेट्रोल भरू आणि नदीच्या खालच्या वळणावर मुक्काम टाकू.

रविवार, १३ ऑक्टोबर
लिहू की नको.

पेट्रोल पंपावरच्या खाणावळीत एक म्हातारा बसला होता, क्लॅरी टिंडल. पायाशी वळकटी आणि कुत्री. बॅरो डाउन्सवर जन्म काढलेला गडी. आपणहून बोलायला लागला. बोअरचा पंप बंद पडला, म्हणून मालकिणीने त्याला नदीकडचं गेट उघडं ठेवायला सांगितलं होतं, गुरं नदीवर पाण्याला जावीत म्हणून. ती गेली मुलीच्या लग्नाला, गाडी चालवायला हाही सोबत. काल परत येऊन बघते तर गेट बंद. सगळा कळप कुंपणाला छाती लावून मेलेला, माना नदीकडे.

मालकिणीने त्याला काढून टाकलं. तो तिला दोष देत नव्हता. चहा ढवळत मला म्हणाला, “मीच लावलं असणार, बाई. उघडल्याचं स्वच्छ आठवतंय. पण मग लावलं कुणी? डोकं गेलं माझं. आता माझा माझ्यावरच भरवसा नाही.”

मर्व्ह माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, वय झालं की होतं असं.

असं म्हणाले मी. तोंडावर. वर त्याने मला बजावलं, तंबू काठापासून लांब ठोका, रात्रीत पाणी चढतं.



सोमवार, १४ ऑक्टोबर
सकाळी तंबूचं कापड बाहेरून खरखरीत झालेलं. चाटल्यासारखं. आमच्या पाण्याच्या टाकीचा नळ वाकलेला, त्यावर लाल मातीच्या जिभा उमटलेल्या. भोवती खूरच खूर. इथे खालच्या वळणावर गुरं नाहीत, खाणावळवाल्याने सांगितलंय.

मर्व्हला तहान लागतेय. पाण्याचा जग संपला तरी ओठ कोरडे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
दिवसभर गाडी हाणली. मागे धूळ. आम्ही थांबलो की तीही थांबायची. पुन्हा नदीच लागली. मर्व्हने पाण्यात तोंड घातलं, गुरासारखं. उठवलं तर म्हणाला, “परत जाऊ. त्या म्हाताऱ्याला सांग. फक्त तेवढं सांग.”

मी म्हटलं, उद्या. लोक काय म्हणतील, अख्ख्या कळपाचा जीव घेणारी हेडमास्तरीण. ह्याही वेळी मला माझंच नाव आठवलं. थू माझ्या जिनगानीवर.

बुधवार
निघणार होतो. उजाडलं आणि

उभी आहेत. भर उन्हात. पोटं फुगलेली, डोळ्यांत माश्या. तंबू आणि गाडीच्या मध्ये. नुसती बघतात. माझ्याकडे.

मर्व्हची जीभ काळी पडलीय. बोलवत नाही. बोटाने वहीकडे दाखवतो.

दुपार
मर्व्ह बादली घेऊन गेला. त्याला त्यांनी वाट दिली. तो त्यांच्यात — आता त्यांतला तो कुठला, कळत नाही —

मला वाट देत नाहीत. पाणी दिसतंय. इथून दिसतंय —

कापडाला नाकं लागलीत. सगळ्या बाजूंनी. कोरडी —

ज्याला ही वही मिळेल त्याने क्लॅरी टिंडलला शोधा. त्याला वाचून दाखवा. क्लॅरी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. तुम्ही उघडलं होतं, आणि उघडंच ठेवलं होतं. मी नोरीन पॅस्को. लावलं ते