गॅरेजच्या वरचा पाळणा

भावजी,

दवाखान्यात जायला टॅक्सी बोलावली आहे, ती येईपर्यंत लिहिते. छकुली खांद्यावर आहे. दुपारी परत आलात की तुमची गाडी गॅरेजमध्ये घालू नका, रस्त्यावरच राहू द्या.

शर्यतीसाठी इंजिनाची ताकद वाढवून तुम्ही ते थंड जातीचे, लवकर निवणारे स्पार्क प्लग बसवलेत, तेव्हापासून गारठ्यात ते काजळी धरतात आणि गाडी सुरू होत नाही. "वहिनी, हिचं छकुलीसारखंच आहे, ऊब मिळाली की रडत नाही," म्हणत तुम्ही रोज सकाळी गॅरेजचं शटर खाली ओढून अर्धा तास इंजिन चालू ठेवता. बरोबर वरच्या खोलीत पाळणा आहे.

आज तुम्ही गेल्यावर तिला उचललं तर तिनं मान टाकलेली. हाका मारल्या, गाल थोपटले, काही नाही. अंगणात आणल्यावर दहा मिनिटांनी डोळे उघडले आणि ओकली. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, गाडीचा धूर जमिनीच्या फळ्यांतून वर येत असणार, त्यानं शुद्ध हरपते, आत्ताच्या आत्ता निघा.

तुमच्या दादांना अजून कळवलेलं नाही. तुमचंही डोकं रोज दुखतं, तुम्हीही तपासून घ्या. मी रागावलेली नाही. वारा येतो म्हणून वरची खिडकी मीच चिंध्या कोंबून बंद केली होती.

परवा तुमच्या मित्रांना मीच कौतुकानं सांगत होते, "खाली एवढं इंजिन गुरगुरतं, पण आमची पोर इतकी शहाणी, हूं की चूं करत नाही."

टॅक्सी आली. ती पुन्हा झोपली आहे.

वहिनी