न मोजलेले चेंडू

अमरावती, ता. २४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मोठ्या आईस,
मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि शेवेची पिशवी, दोन्ही मिळाली. शेव एका संध्याकाळीच संपली, कारण माझी खोलीतली सोबतीण प्रेरणा. ती आपल्याच जिल्ह्यातली, सिंदी रेल्वे गावची. देवळीच्या शेवेत ओवा जास्त असतो म्हणत होती, पण हात काही थांबला नाही तिचा.

इथे शिबिरात फोन कपाटात ठेवून घेतात आणि रविवारी पाच मिनिटं देतात, तेही बाकीच्या पोरी मागे रांगेत उभ्या असताना. त्यात काय बोलणार? म्हणून तू सुरू केलेली पत्रांची पद्धत मला बरी वाटते. बाबांनी पेपरातलं माझं कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं म्हणे. म्हणजे आता लुगडं घ्यायला येणाऱ्या बाईला आधी माझं तोंड पाहावं लागणार.

पिचर म्हणजे काय, ते तू विचारलंस. आपल्या क्रिकेटची बॉलर समज. फक्त धावत यायचं नाही, मातीच्या उंचवट्यावर उभं राहून जागेवरूनच फेकायचं, आणि समोरचीची बॅट चेंडूला लागू द्यायची नाही. बेसबॉलचा सगळा खेळ तिच्या हातातून सुरू होतो. लीगमध्ये माझं पहिलंच वर्ष, तरी मी फेकलं आणि आमचा वैनगंगा क्लब हरला, असं अजून झालेलं नाही. दृष्ट काढून ठेव.

एक गोष्ट फक्त तुला. उजव्या कोपराच्या आतून कळ येते. सकाळी बादली डाव्या हाताने उचलते. आमच्या कोच रीता मॅडम, त्यांना माहीत नाही. कळलं तर बसवतील. आईला सांगू नको, बाबांना तर नकोच. तुझ्या पोटात राहू दे.

मोठ्या बाबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी मयुरी

—

देवळी, ता. ३ डिसेंबर २०२४

चि. मयुरीस,
मोठ्या आईचे अ. उ. आ.

राग येईल ते आधी सांगतो. तुही गोष्ट माह्या पोटात राह्यली नाई. पत्र वाचलं त्या दिवशी घास गेला नाई. दुसऱ्या दिवशी दुकान उघडाच्या आधी रीता मॅडमले पत्र टाकून मोकळी झाली. पोरीचा हात दुखून राह्यला, ती सांगणार नाई, तुम्ही पाहा, असं लिहिलं.

तुह्या बाबाले समजलं तं ते लय चिडले. म्हणाले, वैनी, पोरीचं पहिलंच वर्ष, साऱ्या राज्यात नाव होऊन राह्यलं, अन् तुम्ही तिच्या पायात पाय घातला. मोठे बाबा कापड मोजत राह्यले. तुही आई रडली, पण मले वाटते सुटल्यासारखी रडली.

तू माह्यावर भरवसा ठेवला अन् मी तो मोडला. दिवसातून दहा वेळा वाटते, चांगलं केलं. दहा वेळा वाटते, चोरी केली. पण पुन्हा तसं झालं तं पुन्हा हेच करीन, हेही खरं आहे. खोटं कायले लिहू?

थंडी वाढून राह्यली. कानाले बांधत जाजो. रागावली तरी दोन ओळी टाकजो.
तुही मोठी आई

—

अमरावती, ता. १६ डिसेंबर २०२४

ती. स्व. मोठ्या आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. निभलं नाही.

मॅडमनी डॉक्टरांना दाखवलं. आतून सूज आहे. फाटलेलं काही नाही, पण असंच चाललं असतं तर फाटलं असतं म्हणाले. तेव्हापासून माझ्यासाठी नियम. एका सामन्यात पन्नास चेंडू, की बस. मॅडम बोटात टिकटिक करणारं मोजणीयंत्र घेऊन बसतात, पन्नास झाले की हात वर करतात आणि मी बाहेर. त्यापुढचा सामना पूर्ण बाकावर. परवा माझ्या चेंडूला एकीचीही बॅट लागली नव्हती, तरी काढलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्यानंतर आमची दुसरी पिचर प्रेरणा गेली आणि तिने कसाबसा सामना काढून दिला.

तू सांगायला नको होतं. बादली उजव्या हाताने उचलता येते आता. पण हे मी फक्त लिहितेय, मान्य करत नाहीये.

तुझी (रागावलेली) मयुरी

—

अमरावती, ता. ५ जानेवारी २०२५

ती. स्व. मोठ्या आईस,
शि. सा. न. वि. वि.

राग गेला. कोपर जवळजवळ बरं आहे. मॅडमचा नियम शहाणपणाचा होता आणि तू केलंस तेही. पण हे पत्र माझ्यासाठी नाही.

माझे पन्नास झाले की उरलेला सामना प्रेरणा टाकते. मी बाकावर असते तो सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच टाकते. तिच्या वेळी मॅडमच्या बोटात मोजणीयंत्र नसतं. मॅडम वाईट नाहीत, मोठी आई. त्यांचं सगळं लक्ष माझ्या हाताकडे लागलंय, कारण पुढच्या वर्षी राज्याच्या संघात माझं नाव जाईल म्हणतात. प्रेरणाचं हे तिसरं वर्ष. यंदा चमकली नाही तर क्लब तिला ठेवणार नाही. आणि यंदाच तिला इतकं खेळायला मिळतंय. तुझं कोपर असंच राहू दे बापा, असं ती मला गमतीत म्हणालीही.

पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. काही दिवसांपासून तिची वेणी मी घालते. कुर्ता चढवताना ती दात आवळते. कोणाला सांगणार नाही अशी शपथ तिने मला घातली आहे.

मी मॅडमना सांगितलेलं नाही. तुला सांगतेय. मागच्या वेळी तुझ्या पोटात राहिलं नव्हतं. मी काय म्हणतेय, ते तुला कळेल.

सगळ्यांना नमस्कार. जीव लावते आहेस, लावत राहा.
तुझी मयुरी

—

देवळी, ता. १५ जानेवारी २०२५

चि. मयुरीस,
मोठ्या आईचे अ. उ. आ.

तीळगूळ वेगळा पाठवला, प्रेरणाले दे अन् तूही घे.

तू काय म्हणून राह्यली, ते कळलं. शपथ तुही राहावी, अन् बोभाटा माह्या तोंडून व्हावा. मी तुह्यावर रागावली नाई, कारण माहं तुह्याहून वाईट आहे.

तुह्यासाठी मी दुसऱ्याच दिवशी मॅडमले लिहिलं होतं. प्रेरणासाठी कागद घेतला, मायना लिहिला, अन् थांबली. काऊन थांबली, ते सांगाले लाज वाटते. मनात आलं, तिलेही बसवलं तं तिच्या वाटचे चेंडू पुन्हा माह्या पोरीच्या हातावर येतील. कागद तसाच राह्यला.

मंग वाटलं, तिच्या मायले तं सांगावं. संक्रांतीचं वाण घेऊन काल सिंदीले गेलती. तिची माय रुख्माबाई कापसाच्या जिनिंगात कामाले जाते, सण म्हणून घरी होती. देवळीहून मयुरीची मोठी आई आली म्हणून तिनं शेजारच्या बाया बोलावल्या. पेपरातला फोटो दाखवला. त्यात मधात तू आहे, अन् प्रेरणा कडेले, अर्धी. रुख्माबाई म्हणाली, तुमच्या पोरीच्या दुखण्यानं माह्या पोरीले संधी भेटली, असं बोलू नाई, पण देवानं तिच्याकडे पाह्यलं. माह्या तोंडातला तीळगूळ तोंडातच राह्यला. चहा पेली, वाण दिलं, अन् काही न सांगता परत आली. वर्ध्याच्या गाडीत सारा वेळ मान खाली घालून बसली होती.

आता तूच मॅडमले सांग. तू जवळ आहे. शपथ मोडल्याचं पाप माह्या नावावर टाकजो. पण वाट पाहू नको.

तुही मोठी आई

—

अमरावती, ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मोठ्या आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी मिळालं. ते वाचून मी मॅडमच्या खोलीपर्यंत गेले आणि दारातून परत फिरले. दुसऱ्या दिवशी माझी पाळी बाकावरची होती. प्रेरणा नसती तर आम्ही फायनलला जाऊच शकलो नसतो. उद्याचा एक सामना होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. नीट विचार करून ठरवलं. नकळत झालं असं मला म्हणता येणार नाही.

तिने शेवटचा चेंडू टाकला, समोरची चुकली, आम्ही जिंकलो. सगळ्या तिच्याकडे धावल्या तर ती उंचवट्यावर गुडघे टेकून बसलेली, उजवा हात डाव्याने पोटाशी धरलेला. आमच्या संघातल्या भावनाने तिला मिठी मारली आणि ती किंचाळली. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

डॉक्टर म्हणाले, खांद्याच्या आतला स्नायू फाटलाय. वर्षभर फेकायचं नाही, पुढचं पुढे पाहू. दवाखान्याच्या व्हरांड्यात मॅडम रडत होत्या. एका हाताला जपताना दुसऱ्याकडे मी पाहिलंच नाही, असं म्हणून स्वतःलाच बोल लावत होत्या. कोणालाच कसं कळलं नाही, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. ते मला ऐकवेना. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की मला माहीत होतं. भावना माझ्याजवळून एक पाऊल बाजूला सरकली.

फायनलच्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, सगळा सामना मी टाकते, माझा हात गेला तरी चालेल. त्या म्हणाल्या, असं फेडता येत नसतं मयुरी, तुझा हात मोडून तिचा जुळणार आहे का? पन्नास झाले आणि त्यांनी हात वर केला. आम्ही पुढे होतो. मी चेंडू सोडेना. त्या मैदानात आल्या आणि त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली. माझ्यानंतर भावनाला उभं केलं, तिने जन्मात कधी पिच केलं नव्हतं. आम्ही हरलो, वाईट हरलो. नवीन खेळाडूंत सर्वोत्तम म्हणून करंडक मला मिळाला. टाळ्या वाजत होत्या आणि मला वाटत होतं, आत्ता कोणीतरी ओरडून सांगावं.

प्रेरणा त्याआधीच घरी गेली. तिचं सामान मी भरलं. ती तोवर खिडकीबाहेर बघत होती. शिबिर २२ तारखेला संपतं. घरी यायची भीती वाटते. तिकडून सिंदी फार जवळ आहे.

पोटात घाल, एवढंच मागते.
तुझी मयुरी

—

देवळी, ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. मयुरीस,
मोठ्या आईचे अ. उ. आ.

तुहं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सिंदीले गेली. या वेळी हातात वाण नोतं. रुख्माबाई तांदूळ निवडत होती. मी सारं सांगतलं, तुहं, माहं, तो अर्धा सोडलेला कागद, अन् संक्रांतीले मी कायले आलती तेही. तिनं ओरडावं, शिव्या द्याव्या, असं वाटत होतं. ती निवडतच राह्यली. खडा बाजूले टाकून म्हणाली, त्या दिवशी तुम्ही इथंच बसल्या होत्या. बस, एवढंच.

प्रेरणा आतल्या दारात उभी होती, हात गळ्यातल्या पट्ट्यात. मी तुह्याकडून माफी मागाले लागली, तं ती म्हणाली, की मयुरीनं शपथ मोडली असती तं माहा खांदा वाचला असता, अन् मोडली असती तं मी तिले जन्मभर माफ केलं नसतं.

निघाले उठली, तशी रुख्माबाईनं विचारलं, मंगळवारी पोरीले वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे, डॉक्टर भरभर बोलते, मले समजत नाई, तुम्ही येता काय. काल गेली. डॉक्टरनं दाखवलेला व्यायाम मी पाहून घेतला, समजलं नाई ते दोनदा विचारलं. बाहेर बाकावर दोघींचीच जागा होती. मी उभी होती. रुख्माबाई सरकली. तिनं माफ केलं, असं मी समजत नाई. जागा दिली, एवढं समजतो. आता दर मंगळवारी जाणं आहे.

तुले भीती वाटते, तं वाटाले पायजे. पण २२ ले बडनेऱ्याहून सिंदीले थांबणारी गाडी पाहून बसजो. देवळीसाठी वर्ध्याले उतरू नको. तशीच पुढं जाजो. करंडक पिशवीत खाली ठेवजो. प्रेरणा दार उघडन की नाई, मले माहीत नाई. नाई उघडलं तं ओट्यावर बसजो. देवळीले मंग येजो, कितीही उशीर झाला तरी आम्ही जेवाचे थांबतो.

चुकलेल्यावरही जीव लावता येते, हे या साली मले तुह्यापासून कळलं. तुहाही माह्यावर असू दे.
तुही मोठी आई