मैनाताईचा विझवलेला राब

अग्निशमन केंद्र,
मुरबाड-शहापूर रस्ता,
दि. ५ मे

सौ. मैनाताईस,

धाकट्या कुंडलिकचा, तुझी काठी पोचणार नाही इतक्या अंतरावरून, साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? तांबड्या बैलाच्या खांद्याची सूज उतरली का? माझं म्हणशील तर तब्येत ठणठणीत, फक्त जेवायला सोबत नाही. तू फोन उचलत नाहीस (आज एकोणीस दिवस झाले, मी मोजत नाही, नोंदवहीत आपोआप नोंद होते) आणि परवा दारात आलो तर आतून कडी लावलीस, म्हणून शेवटी कागद घेतला. फाडायच्या आधी एकदा वाचून घे. दाजी वाचून दाखवणार असतील तर त्यांना सांग, मधेमधे हसू नका.

तुझा राग राबाचा आहे आणि तो मला मान्य आहे. महिनाभर तू झाडांच्या फांद्यांचं टहाळ तोडलंस, शेण वाहिलंस, पालापाचोळा पसरलास, वर माती सारखी केलीस आणि भाताचं रोप चांगलं उतरावं म्हणून जमीन भाजायला तो राब पेटवलास. आणि घटकाभरात मी घंटा वाजवत लाल गाडी घेऊन आलो आणि विझवला. वर फेसही मारला. होय, मारला. पण त्यामागं माझी बाजू काय होती, ती तू अजून ऐकूनच घेतलेली नाहीस.

मार्चमध्ये मला मुंबईला ‘नेतृत्व आणि व्यावसायिक विकास’ या विषयाच्या सात दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, हे तुला सांगितलंच होतं (तू म्हणालीस, ‘जाऊन ये बाबा, हवापालट होईल’). अठरा वर्षं मी दुसऱ्याच्या हुकमानं पाईप ओढला, म्हणून हुकूम सोडायचा कसा हे शिकायची मला फार हौस होती. शिकवणारे सर काडीसारखे बारीक होते आणि त्यांनी आयुष्यात घरची शेगडी तरी पेटवली असेल की नाही, देव जाणे. पण बोलायचे छान. प्रमुखानं रोज सकाळी सगळ्या जवानांना रांगेत उभं करून चार शब्द बोलावेत, असं ते म्हणाले. आता आमच्या केंद्रात नऊ पदं मंजूर आहेत आणि माणसं दोन, एक मी आणि एक ड्रायव्हर लडकू. त्यातला मी प्रमुख. म्हणजे रांगेत लडकू एकटाच उरतो. तरी मी रोज बोलतो. (पहिल्या दिवशी तो रांगेच्या टोकाला उभा राहिला होता, मी त्याला मधे घेतला.) मग सरांनी विश्वासाचा एक खेळ शिकवला होता: प्रमुखानं डोळे मिटून मागं पडायचं आणि जवानांनी झेलायचं. मी डोळे मिटून मागं पडलो, आणि नेमका तेव्हाच लडकूला घरून फोन आला. माझी कंबर अजून शेकतोय. तेल लावायलासुद्धा आपलाच हात पाठीमागं न्यावा लागतो, ताई, आणि तो पोचत नाही.

सामान मात्र सगळं नवं कोरं आलंय. तीन मजली शिडी आहे (आपल्याकडे सगळ्यात उंच पाण्याची टाकी, आणि तिला जिना आहे). फेसाचं यंत्र आहे. हेल्मेट आहे, ते माझ्या नाकापर्यंत उतरतं. फोन आहे, तो वाजत नाही. रोज पाच वाजता लडकू एसटीनं घरी गेला की मी माझ्या मोबाइलवरून केंद्राचा फोन लावून बघतो, लाइन चालू आहे की नाही ते. एकदा दोन्ही कानांना दोन्ही फोन लावून ‘हॅलो’ म्हणालो. अशानं माणूस येडा होईल गो! आणि वर साहेबांचा कागद आला की अग्निशमन सप्ताहात आपल्या केंद्रानं किती वर्द्यांना (म्हणजे आगीच्या बोलावण्यांना) किती मिनिटांत प्रतिसाद दिला ते कळवावं. मी इथं आल्यापासून चार महिन्यांत एकही वर्दी नव्हती. मी काय कळवणार?

अशात सोळा एप्रिलला दुपारी चार वाजता तुमच्या बाजूला धूर दिसला. इतका दाट होता की शेत कुणाचं ते ओळखू आलं नाही. लडकू म्हणाला, ‘सायेब, राब हाय ओ तो, जाऊं द्या.’ पण शंका काढत बसलं तर गाव जळतं, असं सरांनी शिकवलं होतं, म्हणून मी गाडी काढायला लावली. सहा मिनिटांत पोचलो. (सहा! मुंबईतसुद्धा जमत नाही.) पुढचं तू पाहिलंसच. पाणी मारलं, मग फेस मारला, आणि तुझ्या वाफ्यात गुडघाभर पांढरा फेस साचला. शेजारच्या सावळीनं पोरांचे कपडे धुवायला आणू का म्हणून विचारलं. तू कपाळाला हात लावून म्हणालीस, ‘आगीत नाय गेला, पान्यात गेला रं माझा राब!’ आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस.

आता अवतीभवतीच्या गावांत राब पेटवायच्या आधी रस्त्यावर माणूस उभा करतात, लाल गाडी येते का बघायला. हसू आलं तर हस. पण गेल्या आठवड्यात पलीकडच्या पाड्यात पेंढ्याची उडवी खरीखुरी पेटली, लोकांनी हंड्या-कळशांनी विझवली आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही. मला दुसऱ्या दिवशी जीपवाल्याकडून कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बुधवारच्या जीपनं तुझा डबा यायचा, तोही बंद झालाय. मी कल्याणहून इकडे बदली मागितली ती तुझं घर चार किलोमीटरवर आहे म्हणून. आई गेल्यावर तूच वाढवलंस मला, दुसरं माझं कोण आहे? आता ते चार किलोमीटर कल्याणपेक्षा लांब झालेत. तरी झालं गेलं विसरून धाकट्याला पदरात घ्यावं. दाजींना नमस्कार.

तुझा,
कुंडलिक (केंद्रप्रमुख)

ता.क. सोबत एक छापील फॉर्म जोडला आहे. ‘आग वेळेत व समाधानकारकरीत्या आटोक्यात आणली’ असं त्यावर लिहिलंय, खाली शेतमालक म्हणून तुझी सही हवी. साहेबांकडे पाठवायचा आहे. एकच वर्दी आहे गो वर्षातली.

ता.क. २. फॉर्म चुलीत घाल. आणि वर धुराबद्दल लिहिलं ते खोटं आहे. बारा वर्षं तुझ्यामागं टहाळाचे भारे वाहिले, मला राब कळणार नाही? शेतही कळलं होतं, केंद्राच्या दारातूनच कळलं होतं. चार महिन्यांत तू एकदाही केंद्रावर आली नाहीस. रोज म्हणायचीस, काम आहे, उद्या येते. मला वाटलं, तू येत नाहीस तर आपणच गाडी दाखवून यावी. बांधापर्यंत येऊन नुसती घंटा वाजवून परत फिरायचं ठरवलं होतं. पण पोचलो तर तू कमरेवर हात ठेवून बघत होतीस, तुझ्याबरोबरच्या बायका बघत होत्या, आणि माझ्याकडे असं आजवर कुणी बघितलंच नव्हतं. मी हुकूम सोडून बसलो. लडकूनं पाण्याचा कॉक उघडल्यावर मला थांबवता आलं नाही.

ता.क. ३. पावसाला अजून महिना आहे. येत्या रविवारी मी सुट्टी काढून चालत येतो. टहाळ मी तोडीन, शेण मी वाहीन, पेटव तू. बोलली नाहीस तरी चालेल. जळेस्तोवर मला बांधावर तुझ्याशेजारी बसू दे.