साबुदाणा नसलेले उपवास

आई, तुझी एक गोष्ट मी चारचौघांत सांगून टाकली आहे. तुला ते आवडलं नसतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुझी परवानगी मागणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. पण सकाळपासून हातात फडकं घेऊन घरभर फिरते आहे, पुसलेला ओटा पुन्हा पुसते आहे, आणि काही केल्या एका जागी बसवत नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी साबुदाण्याच्या चिकवड्या वाळत घातल्या आहेत, मला त्यांचासुद्धा राग येतो आहे. म्हणून शेवटी लिहायला बसले. काल त्या गोष्टीचं पुढे काय झालं तेही सांगायचं आहे, पण ते एकदम सांगवत नाही, तेव्हा आधी पहिल्यापासून सांगते.

मी आता बदलापूरला कात्रपमध्ये राहते. बँकेतून वेळेआधीच मोकळी झाले आणि रविवारी उल्हासनगरच्या एका कॉलेजातल्या मुलांबरोबर बसायला लागले. ही मुलं एक मोहीम चालवतात. जगात जे अगदी तळाशी आहेत, ज्यांच्या लेकरांना एकवेळचं अन्न आणि साधी लस मिळत नाही, त्यांच्यासाठीचे पैसे सरकारांनी कापू नयेत, वाढवावेत, एवढंच मागणं. आम्ही धान्य वाटत नाही, वर्गणीही काढत नाही. निवडून आलेल्या माणसांना पत्रं लिहितो, त्यांच्या दारात जाऊन बसतो, त्यांनी हाकललं की पुन्हा जातो. अशीच मुलं आणखी कितीतरी देशांत हेच करताहेत. तू म्हणाली असतीस, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. सगळे तसंच म्हणतात. स्टेशनबाहेर पत्रकं वाटताना एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, पहिले उल्हासनगरचं बघा ना, आफ्रिका कशाला?" मी त्यांना विचारलं, तुम्ही उल्हासनगरचं काय बघता? ते निघून गेले. माझी जीभ तशीच आहे, तू म्हणायचीस तशी, भाजी चिरायला काढावी एवढी धारदार.

तर मागच्या महिन्यात मुलांनी ठरवलं, एक दिवस काही खायचं नाही. जगात त्या दिवशी ज्यांच्या ताटात काही पडणार नाही त्यांच्या सोबतीने कॉलेजच्या आवारात मांडव घालून उपाशी बसायचं. नगरसेवकांना बोलवायचं आणि उपाशी मुलांच्या हातून त्यांना निवेदन द्यायचं. मला कल्पना आवडली. चूक एकच झाली, मुलांनी घरी सांगताना "उद्या आमचा उपवास आहे" असं सांगितलं. आणि आपल्याकडे घरात कुणी उपवास म्हटलं की आयांच्या अंगात काय संचारतं ते तुला मी सांगायला नको.

सकाळी एकेक पोरगं डबा घेऊन येतं आहे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, रताळ्याचा कीस. हेंद्रेपाड्याहून येणाऱ्या मुलीच्या आईने तर वर दह्याचा डबा वेगळा दिला होता. मी म्हटलं, अगं हे काय? ती बिचारी गोंधळली. "ताई, आई बोलली रिकाम्या पोटी पित्त होईल. आणि हे सगळं उपासाला चालतं ना." आमच्यातला सिंधी मुलगा सर्वांत शेवटी आला, दोन्ही हातांत तळलेल्या बटाट्यांच्या पिशव्या. "ताई, मम्मी बोली व्रत है तो आलू टुक चलेगा. सेंधा नमक डाला है, टेन्शन मत लो." दुपारपर्यंत मांडवात सतरंजीवर पंगत बसली. मागे कापडी फलक, त्यावर जगातली भूक मोठ्या अक्षरांत, आणि फलकाखाली माझी मुलं एकमेकांना खिचडी वाढताहेत. तेवढ्यात नगरसेवक आले. त्यांनी फलक वाचला, मान डोलावली, आणि कुणीतरी पुढे केलेली बशी घेतली. "वा," म्हणाले, "कूट सढळ आहे."

मी हसायला हवं होतं. आज सांगताना हसू येतंय. पण तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी माइक घेतला आणि म्हणाले, माझी आई आठवड्यातून चार-चार दिवस उपवास करायची आणि त्यात साबुदाणा नसायचा. कारण साबुदाणाही विकत आणावा लागतो. एवढं बोलून थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. सगळं सांगितलं.

बाबांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी पाचवीत होते आणि दादा आठवीत. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या गेटसमोर बाबा आणि त्यांच्या पाळीतले लोक दिवसभर बसायचे, घरी येताना त्यांच्या कपड्यांना कंपनीचा वास येईनासा झाला होता. आणि घरात तू देव वाढवत नेलेस. सोमवार होताच, आपल्या शंकराचा. मग गुरुवार आला, शनिवार आला, चतुर्थी आणि प्रदोष आले, आणि कधी कधी असा एखादा वार यायचा की त्याचा देव कोण हे तुलाही सांगता आलं नसतं. उपवास कडक, संध्याकाळी सोडायचाही नाही. तू आम्हाला वाढतेस आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहतेस. शेवटची भाकरी उतरली की तवा लगेच घासायला काढतेस, म्हणजे मागे काही उरलंय का हे कुणी विचारू नये. बाबा मान खाली घालून जेवतात. त्यांना कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. पुढे त्यांना दुसरीकडे काम लागलं आणि आपल्या घरातून एकेक देव निघून गेला. सोमवार तेवढा राहिला.

मुलांना मी शेजारच्या काकूंचीही गोष्ट सांगितली. मी त्यांच्या ओट्यावर सागरगोटे खेळत होते आणि त्यांनी सहज विचारलं, आई काय करतेय गं? मी म्हटलं, आईचा उपवास आहे, पण आमची आई उपवासाला केळंसुद्धा खात नाही. थोड्या वेळाने त्यांनी खिचडीचं पातेलं आणून दिलं. तू हसून घेतलंस, म्हणालीस, अहो कशाला उगाच, आणि त्यातला घासही तोंडात न घालता ते आम्हाला वाटून दिलंस. मग पातेलं घासलंस. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून साखरेचा डबा उपडा करून होती नव्हती ती साखर त्यात घातलीस आणि वर झाकण ठेवून मला परत द्यायला पाठवलंस. आल्यावर माझा दंड धरलास. मारलं नाहीस. म्हणालीस, "घरातलं घरात ठेवायचं. पोट दाखवत फिरायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, समजलं?" त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो आणि मला वाटत राहिलं की ती माझी शिक्षा आहे.

मांडवात नगरसेवकांनी बशी खाली ठेवली. निवेदन घेतलं, नीट वाचलं, आणि वरपर्यंत पोचवतो म्हणाले. मला वाटलं, चला, संपलं. पण हल्ली काही संपत नाही, आई. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं आणि ते फिरत फिरत वहिनीच्या ग्रुपवर गेलं.

दादा फोन करणार नाही, तो थेट येतो, हे तुला ठाऊकच आहे. अंबरनाथहून रिक्षा करून आला आणि चपला न काढता दारातच म्हणाला, "तू आईला मांडवात नेऊन बसवलंस."

"मी खोटं काही बोलले नाही, दादा."

"खरं आहे म्हणून सगळं बोलतात का? लोक मला विचारायला लागलेत, तुमच्याकडे एवढे हाल होते का म्हणून. बाबा काय हातावर हात ठेवून बसले होते?"

मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, पुढे चिवडा ठेवला. त्याने ताटली बाजूला सारली. "गुरुवार आहे," म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू सोडून दिलेले गुरुवार आणि शनिवार, दोन्ही दादा तू गेल्यापासून धरतो, कडकडीत. आईचं मागे चालवायचं म्हणून. मी त्याची नेहमी थट्टा करते. त्या दिवशी मी चिवड्याची ताटली उचलून आत नेली. तो पंख्याकडे बघत म्हणाला, "पहाटे उठून देवासमोर बसायची ती. डोळे मिटून. मी बघितलंय. ते पण खोटं होतं का? मग मी इतकी वर्षं काय धरतोय?"

तू देवासमोर बसायचीस हे मीही पाहिलं आहे. तेव्हा तू काय मागत होतीस, की काहीच मागत नव्हतीस, नुसती घेरी जाईपर्यंत डोळे मिटून बसत होतीस? भुकेला तू देवाचं नाव दिलंस की खरोखरच त्या दिवसांत तुला देव लागत होता? हे ठरवणारी मी कोण? आणि मी तर ठरवूनच टाकलं होतं, माइक हातात घेऊन. मला तुझा राग येतो, आई. एकदा तरी सांगायचंस. मी मोठी झाले, कमावती झाले, तुझ्या शेजारी बसून किती दुपारी शेंगा सोलल्या. तू लोणच्याच्या मोहरीबद्दल बोललीस, दादाच्या लग्नाबद्दल बोललीस, पण त्या वर्षाबद्दल तू एक शब्द काढला नाहीस आणि मीही विचारलं नाही.

दादा गेला आणि दोनच दिवसांत मोहिमेच्या दिल्लीच्या लोकांचा निरोप आला. देशोदेशीच्या स्वयंसेवकांची सभा आहे, पडद्यावरून. तिथे ताईंनी त्यांच्या आईची गोष्ट सांगावी, तिचं रेकॉर्डिंग पुढे खासदारांना दाखवू. आकडे ऐकून कुणी हलत नाही, माणसाची गोष्ट ऐकून हलतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे, मी तो नगरसेवकांचा चेहरा पाहिला होता. माझी मुलं आशेने बघत होती. कुठल्यातरी लांबच्या गावातल्या लेकराच्या वाटचा घास तुझ्या गोष्टीने वाचू शकत असेल, तर तुझी झाकली मूठ मी झाकूनच ठेवायची का? आणि उघडली, तर दादाने गुरुवारी काय करायचं? सभा होईपर्यंत मला नीट झोप लागली नाही. भाजीत दोनदा मीठ घातलं.

ती सभा काल झाली. कॉलेजच्या हॉलमध्ये मोठा पडदा, त्यावर चौकोनाचौकोनांत कुठकुठली मुलं. हेंद्रेपाड्याची मुलगी माझं मराठी इंग्रजीत सांगायला शेजारी उभी. मी माइक घेतला. आणि आई, मी म्हणाले, आमच्या चाळीत आमच्या शेजारी एक बाई राहायच्या.

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने मांडवात सगळं ऐकलं होतं. तरी मी म्हटलं होतं तेच तिने इंग्रजीत सांगितलं. पुढे सगळं तेच. टाळं, वाढत गेलेले देव, घासायला काढलेला तवा, साखर. फक्त त्या बाई माझ्या कुणी नव्हत्या. मलावी देशातली एक मुलगी बोलली, "आमच्याकडे आया मुलांना सांगतात, मी शेजारी जेवून आले." मग तिने विचारलं, त्या बाई आता कुठे असतात? मी म्हटलं, वारल्या. त्यांच्या मुलांना हे माहीत आहे का? मी म्हटलं, आहे, पण ती त्याविषयी एकमेकांशी बोलत नाहीत.

परत येताना रिक्षात हेंद्रेपाड्याची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. "ताई, त्या तुमच्याच आई होत्या ना?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं. दादाला रेकॉर्डिंग पाठवलं आहे. त्याने अजून काही लिहिलेलं नाही. आज शनिवार आहे, तो उपाशी आहे की जेवला, हे विचारायला फोन हातात घेते आणि ठेवून देते. गोष्ट तर सांगायची आणि मूठही झाकायची, म्हणून मी तुला शेजारीण केलं. हे बरोबर केलं की चूक, ते कळत नाही. या पत्राला पत्ता नाही, ते टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, नाहीतर तुला विचारलं असतं.

आणि एक राहिलं. माझं बोलणं संपल्यावर हॉलमध्ये आणि पडद्यावर सगळे टाळ्या वाजवायला लागले. बोलणाऱ्याने आपल्याच बोलण्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. मी वाजवल्या, त्या शेजारच्या बाईंसाठी, सगळे थांबल्यावरही. तुझी मुलगी म्हणून उभी असते तर मला ते जमलं नसतं.